एसईसी की बिग टेन? कॉन्फरन्सची ताकद नेमकी कोठे दिसते

आपला प्रश्न दुहेरी आहे. अमेरिकेतील विद्यापीठे खेळांसाठीची आपली जुनी कॉन्फरन्स सोडून दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये का जातात, हा पहिला भाग. आणि एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) बलाढ्य की बिग टेन ही कॉन्फरन्स, हे आकड्यांनी सिद्ध करता येते का, हा दुसरा. मी पॅसिफिक किनाऱ्याकडील एका राज्यातल्या लहानशा विद्यापीठगावात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. 2022 आणि 2023 या दोन वर्षांत पॅक-12 या पश्चिमेकडील कॉन्फरन्समधील बारापैकी दहा विद्यापीठांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मागे उरलेल्या दोघांपैकी एक आमचे विद्यापीठ होते. त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. मात्र आकड्यांच्या बाबतीत काटेकोर राहण्याचा प्रयत्न करते.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या आणि उत्पन्न वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचा समूह. मुळात हे समूह शेजारधर्मातून जन्मले. बिग टेनची स्थापना 1896 सालची, आणि तिची विद्यापीठे मध्यपश्चिमेतील, रेल्वेने एका रात्रीत गाठता येतील अशी होती. रणजी करंडकात दीर्घकाळ पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असे गट होते आणि मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र हे संघ आधी आपसांत खेळत, ती रचना आठवली तर कल्पना येईल. फरक इतकाच की रणजीचे विभाग मंडळाने आखून दिले होते, तर अमेरिकेत कोणत्या कॉन्फरन्समध्ये राहायचे हे विद्यापीठ स्वतः ठरवते आणि त्याला घ्यायचे की नाही हे ती कॉन्फरन्स ठरवते. विभाग कोणी बाहेरून आखत नाही, म्हणूनच तो बाजारभावानुसार हलतो.

हा बाजार उघडला तो एका न्यायालयीन निकालाने. 1984 पर्यंत कॉलेज फुटबॉलचे (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे) किती सामने दूरचित्रवाणीवर दाखवायचे आणि एका संघाला किती वेळा पडद्यावर येऊ द्यायचे, हे एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध खटला भरला, आणि जून 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. कॉलेजच्या खेळाकडे केवळ व्यापार म्हणून पाहू नये, त्यामागे शैक्षणिक हेतू आहे, असा त्यांच्या मताचा रोख होता. ते मत हरले, तरी आजची परिस्थिती पाहताना मला ते वारंवार आठवते.

निकालानंतर प्रक्षेपण हक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि त्यांच्यामार्फत कॉन्फरन्सकडे आला. तेथून पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. एसईसीने अर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन सदस्यसंख्या बारा केली, दोन विभाग पाडले आणि 1992 मध्ये आपला पहिला अंतिम सामना भरवला. एक जादा सामना म्हणजे विकायला एक जादा वस्तू, हे सर्वांच्या लक्षात आले. टेक्सासची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 मध्ये संपली आणि तिच्यातील चार विद्यापीठांना घेऊन बिग 12 उभी राहिली. 2007 मध्ये बिग टेनने स्वतःची वाहिनी सुरू केली. त्या काळात एखाद्या राज्यात वाहिनी केबलच्या मूळ पॅकेजमध्ये शिरली की सामना पाहणाऱ्या आणि न पाहणाऱ्या अशा दोन्ही घरांतून महिन्याला पैसे मिळत. मेरीलँड आणि रटगर्स यांना 2014 मध्ये प्रवेश मिळाला, तो फुटबॉलमधील पराक्रमामुळे नव्हे, तर वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या शहरांच्या परिसरातील लक्षावधी केबल जोडण्यांमुळे. पुढे लोक केबल सोडू लागले, तेव्हा घरांच्या संख्येपेक्षा, प्रेक्षक मुद्दाम शोधून पाहतील अशा सामन्यांचे मोल वाढले. टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीकडे जाणार हे 2021 मध्ये ठरले, आणि लॉस एंजेलिसची यूएससी व यूसीएलए ही विद्यापीठे बिग टेनकडे जाणार हे 2022 मध्ये, ते या दुसऱ्या हिशेबाने. त्यानंतर काही आठवड्यांतच बिग टेनने सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरहून अधिक रकमेचा प्रक्षेपण करार जाहीर केला.

आता पॅक-12 चा शेवट पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग तेथे एकत्र येतात. 4 ऑगस्ट 2023 या एकाच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, आणि अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट व यूटा बिग 12 कडे पुढच्या वर्षीपासून जाणार हे जाहीर झाले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांनी तर जुन्या सदस्यांच्या साधारण निम्म्या वाट्यावर बिग टेनमध्ये जाणे पत्करले. महिनाभरात स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही पॅसिफिककाठची विद्यापीठे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीत, जाणार हेही ठरले. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट मागे उरली. आणि नेमक्या त्याच, म्हणजे शेवटच्या, हंगामात पॅक-12 मैदानावर किती समर्थ होती? वॉशिंग्टनचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जानेवारी 2024 मध्ये मिशिगनकडून 34-13 असा हरला. ऑरेगन अख्ख्या हंगामात फक्त दोन सामने हरला आणि ते दोन्ही वॉशिंग्टनविरुद्धच. जिच्या सदस्यांनी पाचशेहून अधिक राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवली, ती कॉन्फरन्स दुबळ्या खेळामुळे मोडली नाही. तिच्याकडे पुरेसा मोठा प्रक्षेपण करार नव्हता म्हणून मोडली. म्हणून माझा पहिला आग्रह असा की आर्थिक ताकद आणि खेळातील ताकद या दोन गोष्टी आपण वेगळ्या मोजाव्यात. एसईसी आणि बिग टेन श्रीमंत आहेत हे निर्विवाद आहे. त्या खेळातही तितक्याच वरचढ आहेत का, याचा पुरावा मात्र मैदानावरच शोधावा लागतो.

हा पुरावा शोधताना बहुतेक जण एका साध्या गणिताकडे दुर्लक्ष करतात. बास्केटबॉलमध्ये एसईसीचे 16 संघ आपसांत प्रत्येकी 18 सामने खेळतात, म्हणजे एकूण 144. त्यांतून 144 विजय आणि 144 पराभव निघणार, कॉन्फरन्स कितीही बलाढ्य वा दुबळी असली तरी. आपसांतील सामन्यांमुळे कॉन्फरन्समध्ये वर कोण आणि खाली कोण हे कळते. ती संपूर्ण कॉन्फरन्स देशात कोठे उभी आहे, हे त्यांतून मुळीच कळत नाही. ते कळते फक्त बाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांतून. आमच्या कॉन्फरन्समध्ये कोणीही कोणालाही हरवू शकते, असे जे समर्थक अभिमानाने सांगतात, त्यांच्या विधानातून एवढेच सिद्ध होते की त्यांचे संघ एकमेकांच्या तोडीचे आहेत. ते सगळे सारखेच उत्तम आहेत की सारखेच सामान्य, हे त्यातून ठरत नाही.

म्हणूनच बास्केटबॉलमध्ये तुलना बरीच विश्वसनीय आहे. तेथे प्रत्येक संघ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दहाबारा सामने बाहेरच्या संघांशी खेळतो, त्यामुळे वेगवेगळ्या कॉन्फरन्सना जोडणारे धागे शेकड्यांनी तयार होतात. 2024-25 च्या हंगामात एसईसीच्या संघांनी अशा सामन्यांपैकी दहात जवळजवळ नऊ जिंकले, आणि राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या 16 पैकी 14 संघांना प्रवेश मिळाला. हा विक्रम होता. त्याआधीचा विक्रम 2011 मध्ये बिग ईस्ट या कॉन्फरन्सच्या 11 संघांचा. या दोन वर्षांची तुलना फार शिकवून जाते. 2011 मध्ये बिग ईस्टच्या 11 पैकी केवळ दोन संघ शेवटच्या सोळांत पोहोचले. मात्र त्या दोघांपैकी एक कनेटिकट होता. कॉन्फरन्सच्या साखळीत नऊ विजय आणि नऊ पराभव अशी मध्यम कामगिरी केलेल्या या संघाने पुढे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. मग बिग ईस्ट बलाढ्य होती की तिचा उगाच गवगवा झाला? 2025 मध्ये एसईसीचे सात संघ शेवटच्या सोळांत होते आणि विजेता फ्लोरिडाही तिचाच. तेथे उत्तर सोपे आहे. 2011 बद्दल माझे मत असे की एका हरण्यावर बाहेर अशा स्पर्धेतील डझनभर सामन्यांवरून चार महिन्यांचा पुरावा रद्द ठरवू नये, आणि एका विजेत्यावरून अख्ख्या कॉन्फरन्सला डोक्यावरही घेऊ नये.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती विजयांची प्रतवारी करते. सर्वांत वरच्या प्रतीत, घरच्या मैदानावर क्रमवारीतील पहिल्या 30 संघांवर, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या 50 वर आणि परक्या मैदानावर पहिल्या 75 संघांवर मिळवलेले विजय येतात. एखाद्या कॉन्फरन्सचे संघ डिसेंबरपर्यंत वर गेले की जानेवारीपासून त्यांच्या आपसांतील सामन्यांपैकी मोठा भाग याच प्रतीचा ठरतो. जिंकणाऱ्याला मोठे श्रेय मिळते आणि हरणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. डिसेंबरमधील मत मार्चपर्यंत बहुतांशी गोठलेले राहते. कॉन्फरन्स खरोखर समर्थ असेल तर हे न्याय्यच आहे. पण मधल्या दोन महिन्यांत बाहेरचे संघ सुधारले, तर ते दिसण्याची सोय या पद्धतीत फारच थोडी आहे.

फुटबॉलमध्ये परिस्थिती याहून कठीण आहे. नियमित हंगाम 12 सामन्यांचा. बिग टेनमध्ये त्यांतील नऊ सामने आपसांत होतात, उरतात तीन, आणि त्यांतले एकदोन बहुधा बऱ्याच दुबळ्या संघांशी. 18 संघांच्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ 17 सहकाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांना भेटतो. 2024 मध्ये इंडियानाने अकरा विजय मिळवले, परंतु साखळीत त्याची गाठ ना ऑरेगनशी पडली ना पेन स्टेटशी. बलाढ्य कॉन्फरन्समध्ये असणे आणि बलाढ्य संघांशी खेळणे या आता दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत, आणि हा फेररचनेचा थेट परिणाम आहे.

पुरावा इतका विरळ असला की त्याची जागा प्रतिष्ठा घेते. 2023 च्या हंगामात एसीसी विजेता फ्लोरिडा स्टेट 13-0 असा अपराजित होता, तरी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या अंतिम फेरीत त्याला स्थान मिळाले नाही. एक सामना हरलेल्या एसईसी विजेत्या अलाबामाला मिळाले. फ्लोरिडा स्टेटचा प्रमुख क्वार्टरबॅक (चढाईचे नेतृत्व करणारा खेळाडू) जायबंदी झाला होता, हे कारण समितीने पुढे केले. अलाबामाने एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला हरवले होते, हेही खरे. तरीही मोठ्या कॉन्फरन्सच्या अपराजित विजेत्याला बाहेर ठेवणे मला चुकीचे वाटले आणि आजही वाटते, कारण खेळात जे घडले आहे त्याला, जे घडेल असे वाटते त्यापेक्षा अधिक वजन असले पाहिजे. पुढे ऑरेंज बोल सामन्यात (बोल म्हणजे हंगामाअखेरचा निमंत्रित संघांचा सामना) जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा 63-3 असा धुव्वा उडवला, आणि अनेकांनी तो समितीच्या निर्णयाचा पुरावा मानला. पण त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे कित्येक प्रमुख खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते. बोल सामन्यांवरून कॉन्फरन्सची ताकद मोजू नये, असे मी म्हणते ते याचसाठी.

रणजी करंडकातही 1970-71 पासून प्रत्येक विभागातून एकाऐवजी दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले, आणि त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र या पश्चिम विभागाच्याच दोन संघांत झाला. विभागातून एकच संघ पुढे जात असे, तेव्हा अशी जोडी अंतिम सामन्यात दिसणे शक्यच नव्हते. त्याचप्रमाणे 2024 पासून अमेरिकेत चारऐवजी बारा संघांची अंतिम फेरी सुरू झाल्याने कॉन्फरन्सच्या तुलनेला थोडा अधिक आधार मिळू लागला आहे. त्या पहिल्याच वर्षी ओहायो स्टेट जिंकला, ज्याला आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही जाता आले नव्हते.

मग एसईसी की बिग टेन? फुटबॉलमध्ये 2006 ते 2012 अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेता एसईसीचा होता. 2023 आणि 2024 या हंगामांचे विजेते, मिशिगन आणि ओहायो स्टेट, बिग टेनचे. पण विजेता हा एकच संघ असतो. शिखर, सरासरी आणि मध्यावरचा संघ ही तीन मोजमापे वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात, आणि त्यांतले कोणते वापरले हे आधी सांगितले नाही तर वाद संपत नाही. मला स्वतःला बास्केटबॉलचे विश्लेषक केन पॉमरॉय यांचा मार्ग सर्वांत पटतो: त्या कॉन्फरन्समध्ये निम्मे सामने जिंकायला किती चांगला संघ लागेल? या कसोटीत एखाददुसऱ्या अतिबलाढ्य वा अतिदुबळ्या संघामुळे चित्र बिघडत नाही. फुटबॉलमध्येही याच कसोटीने पाहायचे, तर माझ्या मते गेल्या वीस वर्षांत एसईसीचा मध्य बिग टेनच्या मध्यापेक्षा बहुतेक वर्षी वरचढ होता, आणि शिखरावरचे अंतर मात्र अलीकडे मिटले आहे.

जुन्या नोंदी वापरताना एक काळजी घ्यावी. टेक्सासने बिग 12 मध्ये असताना मिळवलेले विजय आज एसईसीच्या खात्यावर मांडले जातात, आणि ऑरेगनचे बिग टेनच्या; असे आकडे मी सरळ बाजूला ठेवते. उलट, कॉन्फरन्सच्या नावापेक्षा संघाचा स्वतःचा खेळ बोलतो, याचीही उदाहरणे आहेत. एसीसीत येण्यासाठी नऊ वर्षांच्या प्रक्षेपण उत्पन्नावर पाणी सोडणारा एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) 2024 मध्ये, पहिल्याच वर्षी, तिच्या अंतिम सामन्यात पोहोचला. ऑरेगन स्टेटचा बेसबॉल संघ तर 2025 मध्ये कोणत्याही कॉन्फरन्सविना खेळला. घरापासून दूरदूरचे सामने जमवून त्याने हंगाम पुरा केला आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत, म्हणजे अंतिम टप्पा जेथे होतो त्या ओमाहा शहरापर्यंत, मजल मारली. त्या हंगामात त्याला कोणत्याही कॉन्फरन्सच्या नावाचे श्रेय मिळू शकत नव्हते. समितीपुढे होते ते फक्त त्याचे सामने.