आधी तूप वाईट म्हणायचे, आता साखर वाईट म्हणतात. हृदयविकार असलेल्या वडिलांच्या (६८) ताटात नेमकं काय वाढायचं?

प्रश्न वाचला, तवा उतरवला आणि लिहायला बसले.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, १९९४ साली पहिला झटका आला. आम्ही लातूरकडचे, घरची शेती. धाकटे भावजी पुण्याहून आले ते टाइप केलेला तक्ता घेऊनच. तूप बंद, खोबरं बंद, दाण्याचं कूट बंद, अंड्यातला बलक बंद. स्वयंपाक रिफाइंड करडई तेलात. करडई आमच्याच रानात व्हायची, घाण्याचं तेल घरात होतं, पण तक्त्यात रिफाइंड लिहिलेलं म्हणून बाजारातून डबा आला. चहाबरोबर बिस्किटं मात्र हवी तेवढी, कारण त्यात कोलेस्टेरॉल नाही! पापड-लोणच्याचं तर तक्त्यात नावच नव्हतं.

त्या होळीला पुरणपोळी कोरडी वाढली. अण्णांनी पोळीकडे बघितलं आणि विचारलं, "दूध तरी आहे का?" दूध होतं, साय काढलेलं.

सात वर्षं तक्ता पाळला. शेवटची दोन वर्षं मीच त्यांच्या भाकरीवर रोज चमचाभर तूप घालत होते. चोरून नाही, सासूबाईंना सांगून. २००३ मध्ये अण्णा गेले. तेराव्याला भर पंगतीत भावजी म्हणाले, "वहिनींनी तूप चारलं." कोणी काही बोललं नाही. मीही वाढत राहिले.

दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सिडनीतल्या एका जुन्या प्रयोगाचे राहिलेले आकडे छापून आले. १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराच्या ४५८ पुरुषांवर झालेला प्रयोग. एका गटाला प्राण्यांच्या चरबीऐवजी तेल दिलं. कुठलं? करडईचं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण तेलवाल्या गटात १७.६ टक्के माणसं गेली, दुसऱ्या गटात ११.८. त्यातले हृदयविकाराने किती गेले, ते आकडे इतकी वर्षं एका जुन्या चुंबकीय फितीवर पडून होते. मी ते पान छापून घेतलं. अजून कपाटात आहे, साड्यांखाली.

अमेरिकेत मिनेसोटामध्येही तेच. तिथं मक्याचं तेल होतं, माणसं नऊ हजारांवर. कोलेस्टेरॉल कमी झालं, मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळे आकडे बाहेर यायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी हेही उघड झालं की तिथल्या साखरवाल्यांच्या संस्थेनं हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर दिले होते आणि १९६७ साली त्यांनी लिहिलेल्या लेखात दोष साखरेऐवजी चरबीवर गेला. साखरेचं राजकारण आपल्याला कोणी शिकवायला नको. अंड्यांचं म्हणाल तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा अमेरिकेनं २०१५ च्या आहारसल्ल्यातून काढूनच टाकली. अण्णा तोवर बारा वर्षांपूर्वी गेलेले.

भावजी हल्ली सकाळच्या कॉफीत तूप घालून पितात. परवा मला 'शुद्ध तुपाचे फायदे' असा व्हिडिओ पाठवला. मी उत्तर दिलेलं नाही. तेराव्याचं आधी बोलू, मग तुपाचं.

आता तुमच्या वडिलांचं. माझं वाचून तुपाची बरणी उपडी करू नका. सिडनीतली माणसं मोजकीच होती, तेलाबरोबर मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, हेही होतं, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्येही तूप-लोण्यापेक्षा तेलच बरं असं सांगितलंय. हे मला आवडत नाही, पण आहे. बिस्किटं आणि गोड चहा आधी कमी करा. मिठाचा वाद अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते. कॅनडातले हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसुफ यांच्या गटाला फार कमी मीठ खाणाऱ्यांतही धोका दिसला, तर मीठ मोजायची त्यांची पद्धतच इतरांना मान्य नाही. पण रक्तदाब असलेल्यानं फार मीठ खाऊ नये, यावर दोघांचं भांडण नाही. तेव्हा पापड-लोणचं बघा. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हे सांगायला नकोच.

आणि तक्ता करणार असाल तर वाढणारीला समोर बसवून करा. तुमच्याकडे वाढतं कोण, ते तुम्ही लिहिलेलंच नाही.