निघोजचे रांजणखळगे: एका दिवसात, निवांत

प्रश्न : आई-बाबांना घेऊन पुण्याहून निघोजला जायचं आहे. कधी जावं? तिथले रांजणखळगे, म्हणजे नदीपात्रातल्या खडकात कोरले गेलेले रांजणासारखे खोल खड्डे, नीट पाहायला किती वेळ लागतो?

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात कुकडी नदीच्या पाण्याखाली बरेच खळगे बुडतात, आणि उन्हाळ्यात काळा बेसॉल्ट खडक असा तापतो की दुपारी पाय ठेववत नाही. अंतर शिरूरमार्गे साधारण ९० किमी. सकाळी सहाला निघा. वाघोलीची कोंडी टळते आणि कोवळ्या, तिरप्या उन्हात खळग्यांची खोली डोळ्यांना खरी कळते. दोन तास हाताशी ठेवा.

पाहताना खळग्यांच्या तळाशी नजर टाका. काहींत गुळगुळीत गोटे दिसतील, तीच खरी हत्यारं! खडकातल्या लहानशा खाचेत गोटे अडकतात, पाण्याच्या भोवऱ्यासोबत गरगरतात आणि हजारो वर्षं खडक घासत रांजण कोरतात. म्हणून गोटे उचलून घरी आणू नका.

आई-बाबांना काठाजवळच्या सपाट खडकावरच थांबवा. खळग्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, ओल्या शेवाळावर पाय हमखास सटकतो. रबरी तळव्याचे बूट घाला. पाण्यात मात्र कुणीच उतरू नये : भिंती उभ्या आणि निसरड्या, पकडायला काही नाही. धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते, तेव्हा आधी गावात विचारा.