एलायझा चाचणीत (प्लेटवर रंगावरून अँटीबॉडी शोधणारी) सेकंडरी अँटीबॉडी, म्हणजे प्रायमरीला (पहिल्या अँटीबॉडीला) चिकटून रंग आणणारी दुसरी, किती पातळ करायची?
बाटलीवरचं प्रमाण डोळे झाकून वापरू नकोस. १:१००० पासून दुपटीनं १:३२००० पर्यंत करून बघ. प्रायमरी न घातलेले दोन वेलही (प्लेटमधले खळगे) ठेव; तेही रंगले तर सेकंडरी जास्त झाली किंवा ब्लॉकिंग (प्लेटची मोकळी जागा आधी झाकून टाकणं) कमी पडलं. फक्त आयजीएम (अँटीबॉडीचा एक प्रकार) शोधायचं असेल तर त्याच्या म्यू या जड साखळीविरुद्धचीच सेकंडरी घे. ‘एच प्लस एल’वाली (जड आणि हलक्या दोन्ही साखळ्यांविरुद्धची) हलक्या साखळीमुळे आयजीजी या दुसऱ्या प्रकारालाही चिकटते, आणि मग रंग कशाचा हे ओळखत बसायचं!

सेकंडरीला एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेलं असेल तर बफरमध्ये सोडियम अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) नको, एन्झाइम निकामी होतं. ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या पीबीएसनं (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) पाचदा धू.

नागपूरच्या मे महिन्यात ‘रूम टेम्परेचर’वर भरवसा नको. एसी बंद पडला की टीएमबी (एचआरपीमुळे रंग देणारं रसायन) भराभर निळं होतं, कडेचे वेल सुकतात. प्लेट झाकून २५ अंशांच्या, थंडही करू शकणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये ठेव.