तैलरंगात इम्प्रेशनिस्ट पद्धतीने समुद्रकिनारा कसा रंगवावा? माझा समुद्र दरवेळी सपाट निळा आणि मळकट होतो.

सपाटपणा आणि मळकटपणा, दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. समुद्र निळा हे आपण घरूनच ठरवून येतो आणि मग तोच निळा कॅनव्हासवर घोटत बसतो. इम्प्रेशनिस्टांकडून घ्यायचं ते हे: त्या घटकेला त्या जागी दिसला तो रंग लावायचा आणि हात काढून घ्यायचा.

कोकणातल्या किनाऱ्यावर बसणार असाल तर आधी ऊन बघा. सकाळी सूर्य पाठीमागे, डोंगराच्या बाजूला असतो, म्हणून पाण्याचा हिरवट रंग नीट दिसतो. दुपार कलली की ऊन समोरून येतं, पाणी रुपेरी होतं आणि कातळ काळपट जांभळे दिसतात. ही दोन वेगळी चित्रं आहेत, एका कॅनव्हासवर कोंबू नका. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोने 1880च्या दशकात नॉर्मंडीतल्या एत्रता इथले पांढरे कडे रंगवायचा तेव्हा अनेक कॅनव्हास एकदम हाताळायचा. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याला दोन पुरेत. दीड-दोन तासांनी थांबाच.

रंग मोजके घ्या: टिटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिम्सन (गडद लाल), अल्ट्रामरीन (निळा), व्हिरिडियन (गडद हिरवा). काळ्याची ट्यूब घरीच ठेवा. अलिझरिन आणि व्हिरिडियन मिसळून कातळासाठी जो गडद रंग मिळतो, तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो.

सुरुवातीला टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात आकाश, पाणी, वाळू, कातळ एवढेच मोठे भाग मांडा. डोळे बारीक करून बघा, कुठला भाग सगळ्यात गडद, कुठला सगळ्यात उजळ. हे चुकलं तर पुढे कितीही सुंदर रंग लावा, चित्र उभं राहत नाही. मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’चा (1872, ल हाव्र बंदर) फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. तो नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! त्याचा उजळपणा आजूबाजूच्या करड्या आकाशाइतकाच आहे. तो उठून दिसतो तो निव्वळ रंगामुळे. मला त्या चित्रातली ही सगळ्यात मोठी शिकवण वाटते.

मग जाड रंग, फ्लॅट ब्रशने. लाट नुकतीच मागे सरलेली ओली वाळू नीट बघा: ती वाळूच्या रंगाची नसतेच, आकाशाचा रंग घेते, फक्त जरा गडद. तिथे आडवे, छोटे फटकारे. फेसही सगळा पांढरा नसतो. सावलीतला फेस निळसर-जांभळा असतो. ऊन थेट पडतं तेवढ्याच कडेवर जवळपास शुद्ध पांढरा ठेवा, म्हणजे तो चमकतो.

मळकटपणावर उपाय सोपा आहे, पण शिस्त लागते. रंग पॅलेटवरच मिसळा. रंग बदलताना ब्रश चिंधीला पुसा. ओल्या रंगावर एक फटकारा मारला की तो तसाच राहू द्या. एखादा भाग मळलाच तर वर आणखी रंग चढवू नका. पॅलेट नाइफने खरवडून काढा, चिंधीने पुसा आणि नव्याने लावा. वाऱ्याने वाळू उडून रंगात चिकटली तर मात्र तेव्हाच उकरत बसू नका, आजूबाजूचे फटकारे बिघडतात. मोनेच्या 1870 मधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्याच्या चित्रात तसे वाळूचे कण अजून आहेत, लंडनच्या नॅशनल गॅलरीत.