नादारीचा आदेश मिळाला, मुक्ततेचा अर्ज राहिला

इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकांनी विचारले आहे: "ऑगस्ट 2022 मध्ये न्यायालयाने मला नादार, म्हणजे दिवाळखोर, जाहीर केले. रिसीव्हरने, म्हणजे माझी मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीने, माझे माग विकून 7 लाख रुपये जमा केले. माझी विनातारण देणी 38 लाखांची होती. जानेवारी 2024 मध्ये वडील वारले आणि त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या घरात माझा अंदाजे 14 लाखांचा हिस्सा आला. आता एका सूत व्यापाऱ्याने नादारीचा आदेश रद्द करावा असा अर्ज दिला आहे. तीन वर्षे उलटून गेल्याने देणी मुदतबाह्य झाली असतील, तर हा हिस्सा विकून नवा धंदा उभारू का?"

हिस्सा विकू नका आणि कोणाकडून इसारही घेऊ नका.

आपण आदेशाची छायाप्रत सोबत जोडली, हे बरे केले. तिच्या दुसऱ्या पानावर, न्यायाधीशांच्या सहीच्या अगदी वर, एक ओळ आहे: अर्जदाराने एक वर्षाच्या आत मुक्ततेसाठी अर्ज करावा. सारे प्रकरण या ओळीवर उभे आहे आणि आपल्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. अशी पत्रे मला वरचेवर येतात. नादार जाहीर झालो म्हणजे देणी फिटली, असे समजून लोक आदेश कपाटात ठेवतात आणि वकिलांचा फोन आला नाही म्हणून स्वस्थ बसतात. वास्तविक नादारीच्या आदेशाने धनकोंचा हात केवळ थांबतो. देणी सुटतात ती मुक्ततेच्या आदेशाने, आणि त्यासाठी ऋणकोलाच दारात जावे लागते.

आपल्याला लागू आहे तो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसंबंधीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता; तेव्हा त्या संहितेविषयी वाचलेले सारे बाजूला ठेवा. जुन्या कायद्याच्या कलम 43 नुसार, ठरवून दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही तर नादारीचा आदेश रद्द करावा लागतो. सूत व्यापाऱ्याने नेमके हेच कलम पुढे केले आहे आणि त्यात त्याचे काही चुकलेले नाही. आदेश रद्द झाला तर रिसीव्हरने केलेली विक्री कायम राहील, मात्र उरलेली मालमत्ता न्यायालयाने अन्य कोणाकडे न सोपवल्यास आपल्याकडे परत येईल आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर जप्तीची दरखास्त येऊ शकेल. पुन्हा नादारीचा अर्ज करायचा तर आधी न्यायालयाची परवानगी लागेल. मुदतबाह्यतेची आशाही सोडा, कारण आदेश रद्द झाल्यास नादारी जाहीर झाल्यापासून रद्द होईपर्यंतचा काळ धनकोंच्या मुदतीतून वगळला जातो.

आता वडिलांच्या घराविषयी. नादारी आणि मुक्तता यांच्या दरम्यान नादाराला जे काही मिळते, ते तत्काळ न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. मुक्तता जानेवारी 2024 पूर्वी मिळाली असती तर हा हिस्सा निर्वेधपणे आपला राहिला असता. अर्थात आपला मूळ अर्ज निकाली निघायलाच दोन वर्षे लागली, तेव्हा वेळेत अर्ज करूनही निकाल पाच महिन्यांत हाती पडला असता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण निदान विलंबाचा दोष न्यायालयाच्या पदरात पडला असता, आपल्या नव्हे.

तरीही वाट बंद झालेली नाही. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय ही मुदत वाढवू शकते. मुदत संपली म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही, त्यासाठी न्यायालयाचा स्वतंत्र हुकूम लागतो आणि तो होईपर्यंत मुदतवाढ मागता येते, असा दृष्टिकोन अनेक उच्च न्यायालयांनी घेतला आहे. म्हणून व्यापाऱ्याच्या अर्जावर आदेश होण्याआधी, म्हणजे पुढच्या तारखेच्या आधीच, मुदतवाढीचा आणि मुक्ततेचा असे दोन्ही अर्ज दाखल झाले पाहिजेत. आधी रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढा. त्या वर्षभरात किती तारखा पडल्या, वकील हजर होते का, हे तिच्यातूनच कळेल आणि शपथपत्रातील कारण तिच्याशी जुळले पाहिजे. "मला माहीत नव्हते" एवढेच लिहिलेत, तर समोरचे वकील तेच दुसरे पान पुढे सरकवतील.

त्याच शपथपत्रात वडिलांच्या घराचा हिस्सा स्वतःहून जाहीर करा. हे सांगितल्यावर पक्षकार माझ्याकडे संशयाने पाहतात, पण हिशेब करून पाहा. मालमत्ता विनातारण देण्यांच्या निम्म्याहून, म्हणजे कायद्याच्या भाषेत रुपयामागे आठ आण्यांहून, कमी असेल, तर ती परिस्थिती आपल्या दोषाने आली नाही हे पटवून दिल्याशिवाय न्यायालय बिनशर्त मुक्तता देत नाही. एकट्या 7 लाखांवर आपण त्या रेषेच्या फार खाली होता; 14 लाख मिळवले तर 21 लाख होतात आणि रेषा आहे 19 लाखांची. मूल्यांकन कमी आले तर हे गणित बिघडेल. शिवाय धंद्याच्या शेवटच्या तीन वर्षांच्या हिशेबवह्या नीट नसतील तर तो वेगळा अडथळा आहे. त्यांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, त्यामुळे अटीसह किंवा काही काळ लांबवलेली मुक्तता मिळण्याचीही शक्यता धरून चला. सरकारी देणी आणि फसवणुकीतून उद्भवलेली देणी मुक्ततेनंतरही उरतात. धनादेश न वटल्याची फौजदारी तक्रार चालू असेल तर तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे की, मागच्या दिवाळीत मुलासाठी हप्त्यांवर मोबाइल घेतला. मुक्तता न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता 50 रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेणे हा या कायद्याखाली गुन्हा असून, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रक्कम 1920 सालची आहे, पण कलम जिवंत आहे. दुकानदाराने भरून घेतलेल्या अर्जाची प्रत मिळवा, त्यात काय लिहिले आहे ते पाहा आणि उरलेले हप्ते फेडण्यापूर्वी ती प्रत आपल्या वकिलांना दाखवा.