संत्र्याचा रस तुरट नव्हे, कडू होतो

प्रश्न: ‘संत्र्याचा रस काढून काही तास ठेवला की तुरट होतो, असं आमच्याकडे नागपुरात सर्रास म्हणतात. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?’

नाही. तो कडू होतो, आणि सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत जो तो त्याला तुरट म्हणतो, हे ऐकवत नाही. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात लिमोनिन या कडू द्रव्याचं कडू न लागणारं पूर्वरूप असतं. रस काढताना ते आंबट रसात उतरतं आणि तिथे त्याचं हळूहळू कडू लिमोनिन होतं. म्हणून ताजा रस गोड, तोच नंतर कडवट. बियांसकट मिक्सरमधून काढलेला रस तर हमखास बिघडतो. बिया काढा, पांढऱ्या शिरा सोला, हलक्या हाताने पिळा, लगेच प्या. साखरेने कडूपणा झाकला जातो, जात नाही.

तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे. लाळेतल्या प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहतं. सुपारी, हिरडा, जांभूळ यांतलं टॅनिन त्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, वंगण जातं आणि जीभ गालाला खरखरीत घासते. खात्री करायची असेल तर दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा गार करा आणि वरच्या ओठाच्या आतून, हिरडीपाशी बोटाने चोळा. तिथे रुचिकलिका नाहीत, तरी ओढल्यासारखं वाटेल. निव्वळ कडूपणा तिथे कळत नाही.

यावर कोणीतरी आयुर्वेदाच्या षड्रसांतला ‘कषाय’, म्हणजे तुरट, पुढे करतंच. त्याच यादीत ‘कटु’ही आहे आणि कटु म्हणजे कडू नव्हे, तिखट: त्रिकटूत सुंठ, मिरी, पिंपळी असतात, कारलं नसतं. तिखटाची जळजळही रुचिकलिकांची नव्हे, उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची. तेव्हा वैद्यकातला ‘रस’ आणि जिभेची चव एकच धरू नका.

आता खरी गंमत शब्दाची. ‘तुरटीवरून तुरट’ ही व्युत्पत्ती साफ उलटी आहे. तुरट म्हणून तुरटी. आंबट, खारट, तिखट यांच्या शेवटचा ‘ट’ इथेही आहे. तो काढा, उरतो ‘तुर’, म्हणजे संस्कृत ‘तुवर’, अर्थ तुरट. आणि ‘तुवरी’ म्हणजे कोण? आपली तूर! वऱ्हाडापासून नागपूरपर्यंत शेतोशेती उभी असलेली, रोजच्या वरणातली तूर नावानेच तुरट आहे. ‘वरण कुठे तुरट लागतं?’ म्हणून हे नातं नाकारणारे विद्वान डाळ चाखून निकाल देतात. डाळ म्हणजे टरफल काढलेली तूर, आणि टॅनिन असतं टरफलात. गडद टरफलात जास्त, पांढऱ्यात कमी. माझ्या मते हे नाव ठेवणाऱ्याने तूर भरडण्याआधी चावली होती. वाळलेल्या लाल तुरीचं टरफल अर्धा मिनिट दाढेखाली धरा, मग वाद घाला.