शंका-समाधान : घरच्या मशीनमध्ये बटेरची अंडी

प्रश्न : एप्रिलच्या मध्यात थर्मोकोलच्या पेटीत बटेरची ३० अंडी उबवायला लावली. कंट्रोलरवर ३७.५ कायम दिसायचं. १८व्या दिवसापर्यंत ९ पिल्लं निघाली. ११ अंड्यांत पूर्ण वाढ झालेली पिल्लं मेली. काहींनी टोच मारली होती, आतला पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला चिकटला होता. बाकीची १० कोरीच (गर्भ न धरलेली) निघाली. चूक कुठे झाली? (सेलू)

उत्तर : १० कोरी निघाली याचा मशीनशी बहुधा संबंध नाही. एका नरामागे ३, फार तर ४ माद्या ठेवा. अंडी गोळा केल्यापासून ७ दिवसांच्या आत लावा. खोली ३० अंशांच्या वर असेल तर ठेवणीतच गर्भ अर्धवट वाढून मरतो, म्हणून उन्हाळ्यात ४ दिवसांच्या वर थांबू नका.

११ पिल्लं मात्र कोरड्या हवेनं मेली. पापुद्रा वाळून चिकटलाय, हीच त्याची खूण. दमट हवेनं मेलेलं पिल्लू फुगलेलं असतं आणि कवच फोडलं की पाणी निघतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाटीभर पाण्यानं पेटीत काहीच फरक पडत नाही. वाटी खोल असून उपयोग नाही, पाण्याचा पृष्ठभाग मोठा लागतो. पसरट ताटलीत सुती फडकं असं टाका की त्याचं एक टोक पाण्याबाहेर लोंबत राहील. पाणी वर चढतं आणि सुकण्याची जागा वाढते. पहिले १४ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५.

आर्द्रतामापकाच्या आकड्यावर आधी विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याच्या थेंबांनी चिखलासारखं ओलं करा, वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात ८ तास ठेवा. काटा ७५ दाखवायला हवा. ६८ दाखवला तर ७ कमी दाखवतो, एवढं लिहून ठेवा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. बटेरचं अंडं साधारण ११ ग्रॅमचं. ३० अंडी ३३० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ३१०च्या आसपास आणि चौदाव्या दिवशी २८७ ते २९४ भरायला हवीत. त्याहून जास्त घटली तर पाणी वाढवा, कमी घटली तर पाणी कमी करून पेटीची हवेची भोकं उघडा.

आणखी एक शंका आहे. पिल्लं टोच मारताना तुम्ही झाकण उघडून पाहिलं असणार. प्रत्येक वेळी आर्द्रता झर्रकन उतरते आणि पापुद्रा आवळतो. १५व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवलं की झाकणाला हात लावू नका. पाणी घालायला सलाईनची नळी भोकातून ताटलीपर्यंत सोडा आणि सिरिंजनं कोमट पाणी ढकला. पहिलं पिल्लू निघाल्यावर २४ तास त्याला खायला-प्यायला नसलं तरी चालतं, पोटातला बलक पुरतो.

प्रश्न : डब्ल्यू १२०९ हा तापमान कंट्रोलर बसवलाय, तरी तापमान ३५.५ ते ३७.५ असं झुलतं. (औसा)

उत्तर : बिघाड नाही. त्यात पी १ ही सेटिंग मुळात २.० असते, म्हणजे तापमान दोन अंश उतरल्याशिवाय बल्ब लागतच नाही. ती ०.२ किंवा ०.३ करा. पी ० वर एच (म्हणजे तापवणं) असल्याची खात्री करा. सेन्सरचं टोक अंड्यांच्या उंचीवर, बल्बपासून लांब हवं. पंखा असेल तर ३७.५ ते ३७.७; पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्यावर ३८.५च्या जवळ. पडताळणीला तापाचा डिजिटल थर्मामीटर चांगला: कोमट पाण्यात त्याचं आणि सेन्सरचं अशी दोन्ही टोकं बुडवा आणि फरक पी ४ या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरा.

प्रश्न : मे महिन्यात बल्ब बंद असूनही पेटीत ३९-४० अंश होतात. काय करावं? (उदगीर)

उत्तर : कंट्रोलर फक्त बल्ब बंद करू शकतो, गारवा देऊ शकत नाही. त्यात दहाव्या दिवसानंतर अंडी स्वतः उष्णता सोडू लागतात. पत्र्याखालची खोली सोडा. माळवदाचं घर असेल तर आतली खोली, नाहीतर तळमजल्यावरची मधली खोली घ्या. कूलर खोलीत असावा, पण झोत पेटीवर नको. तरीही खोली ३५ च्या वर जात असेल तर मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबा. तास-दीड तास वीज गेल्यानं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं ४० अंशांवरची एक दुपार करते. लोडशेडिंगला घाबरून पेटी गोधडीत गुंडाळणारे दुपारीही तेच करतात. गोधडी रात्रीपुरतीच, आणि भोकं उघडी ठेवून.

प्रश्न : अंड्याला बॅटरी लावून आत काही दिसत नाही. (वसमत)

उत्तर : कवचावरच्या ठिपक्यांमुळे. अंधारात, बारीक झोताच्या एलईडीनं, सातव्या-आठव्या दिवसानंतर पाहा. शंका असलेलं अंडं काढू नका, वास येणारं लगेच काढा.

प्रश्न : दुकानातली पाकिटातली अंडी उबतील का? (अंबड)

उत्तर : सहसा नाही. अंड्यांच्या पिंजऱ्यांत नर ठेवण्याची गरजच नसते, शिवाय ती फ्रिजमध्ये राहिलेली असतात. उबवणीची म्हणून विकली जाणारीच घ्या. प्रवासातून आल्यावर टोकदार बाजू खाली करून १२ तास ठेवा, मग लावा. शेतात सापडलेली लाव्हीची अंडी आणू नका. रानपक्ष्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

प्रश्न : पिल्लं पाय फाकवून पडतात, काही पाण्यात बुडून मरतात. (गंगाखेड)

उत्तर : खाली गुळगुळीत वर्तमानपत्र असणार. त्याऐवजी गोणपाट किंवा नालीदार पुठ्ठा अंथरा. पिल्लू अवघं ७-८ ग्रॅमचं असतं, त्यामुळे पाण्याच्या ताटलीत गोट्या भरा, चोच बुडेल एवढंच पाणी दिसू द्या. पहिला आठवडा ३५ ते ३७ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाद्य बारीक दळलेलं.